तित्तर लांडग्यानं खाल्ले नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं आहे. बालाघाटाच्या माळांवर लांडगे, कोल्हे अन् खोकडं, म्हणजे छोट्या जातीचे कोल्हे, माजली आहेत, त्यांनी तित्तर, लावे, मोर यांची अंडी-पिल्लं खाऊन संपवली, म्हणून शेतकऱ्यांना ही जनावरं मारायची मोकळीक द्यावी, असं त्याचं म्हणणं. पत्र नेटकं आहे. लिहिणाऱ्याला तित्तराचा कळवळा आहे हेही दिसतं. पण वाचून झाल्यावर मी अंगणात बराच वेळ बसून राहिलो, कारण तित्तर कोणी खाल्ले हे मला ठाऊक आहे. बरेचसे मीच खाल्ले.

माझं वय ६७. गाव पाटोदा तालुक्यात, नायगावच्या मयूर अभयारण्यापासून पायी दोन-अडीच तासांवर. वीज खात्यात ३१ वर्षं लाईनमन होतो. लाईनमन म्हणजे लोकांना वाटतं खांबावर चढणारा माणूस. खांबावर चढणं थोडं, खांबाखालून चालणंच फार. फॉल्ट सापडत नसला की ११ केव्हीची लाईन पायी बघत जायची, माळावरून, बरडावरून, ओढ्यातून. रात्री बेरात्री बॅटरी घेऊन फिरलो आहे. त्यामुळं ह्या शिवारातली खोकडाची बिळं मला जेवढी माहीत आहेत तेवढे चुलत्यांचे वाटे माहीत नाहीत.

शिकारीचं म्हणाल तर ती आमच्या घरातच होती. आजोबा निजामाच्या अमलात हाक्याला जायचे. तालुकदाराचे पाहुणे आले की गावोगावचे गडी हाकून आणत, ओळीनं उभे करत, अन् डबे वाजवत जनावर साहेबाच्या पुढ्यात न्यायचं. मजुरी पायलीभर ज्वारी, तीही मिळाली तर. १९४८ ला ते सगळं मोडलं. मग आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठासणीची बंदूक घेतली. परवाना पीक राखणीचा, रानडुकरासाठी. पण डुकरापेक्षा तिचा आवाज तित्तरांनीच जास्त ऐकला. आधी दारू, वर चिंधी ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, अन् शेवटी टोपी. एवढं होईपर्यंत तित्तर दोन बांध ओलांडून जायचा, ही त्या बंदुकीतली चांगली गोष्ट.

आबांचा एक नेम होता. मिरग निघाला की बंदूक आढ्याला टांगायची, ती दिवाळीनंतर खाली घ्यायची. कायद्याचं त्यांना काही माहीत नव्हतं, अन् १९७२ चा वन्यजीव कायदा तेव्हा यायचाही होता. त्यांचं म्हणणं एवढंच, की वावरात पेरलेलं कोणी उकरून खातं का?

हा नेम एकदाच मोडला, बहात्तरच्या दुष्काळात. मी १४ वर्षांचा होतो. आई अन् मी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचो, सुकडी मिळायची. तित्तर दिवसभर भुईवर हिंडतो, पण रात्री तो झाडावर बसतो, बाभळीत, काट्यात, अन् सगळं कुटुंब एका फांदीवर एकमेकाला चिकटून बसतं. आबांना ती बाभळ माहीत होती. दिवेलागणीला ते गेले अन् एका बारात सहा खाली पाडले. घरात कालवण झालं. चांगलं लागलं, खोटं कशाला सांगू. पण त्यानंतर त्या ओढ्याला सकाळचा तित्तर बोलला नाही, तो थेट पंचाहत्तरचा पावसाळा उलटून गेल्यावर बोलला. एका बारानं तीन वर्षं गप्प झाला ओढा. लांडग्याला हे जमत नाही. त्याला बाभळीवर चढता येत नाही.

मी स्वतः बंदूक फार चालवली नाही. मला फासे यायचे. आमच्या शिवारात हिवाळ्यात एक पारधी कुटुंब उतरायचं, त्यांच्यातल्या म्हाताऱ्याकडून शिकलो. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास, बांबूच्या काड्यांना बांधून ओळीनं रोवायचे, अन् पिंजऱ्यातला पाळलेला तित्तर मधोमध ठेवायचा. तो बोलला की त्या हद्दीचा नर भांडायला धावून येतो अन् पाय अडकतो. तित्तरात नर-मादी दिसायला सारखेच, पण नराच्या पायाला मागं काटा असतो. म्हातारा हात फिरवून काटा चाचपायचा. मादी निघाली की उडवून द्यायचा. मला तेव्हा वाटायचं, काय येडा माणूस आहे. आज त्या लोकांवर कोणीही येऊन बोट ठेवतं, माळावर काही मेलेलं दिसलं की पहिली झडती त्यांच्या पालाची होते. म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता पत्रलेखकाच्या मुद्द्यावर येतो.

तित्तराचं घरटं म्हणजे घरटंच नव्हे. तरवडाच्या नाहीतर बोराटीच्या बुडाला मातीत एक खळगा, त्यात चार वाळकी पानं, अन् सहा-सात अंडी. उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत कधीही. ती अंडी खाणारे पुष्कळ आहेत: मुंगूस, घोरपड, धामण, कावळा, रानमांजर. कधी खोकडही खातं. मी पाहिलं आहे, नाकारत नाही. पण अंडी गेली की तित्तरीण पुन्हा घालते. ती त्या हिशेबानंच जन्माला आली आहे. दोन जगतात, चार जातात, अन् तेवढ्यावर माळ हजारो वर्षं बोलता राहिला. तोंडं तेव्हाही एवढीच होती, किंबहुना जास्त होती. आमच्या लहानपणी तरस होतं, कोल्हे ओढ्याओढ्याला होते, लांडग्याची पाच-सहाची टोळी मी स्वतः मोजली आहे. अन् तित्तर? पहाटे कासऱ्यागणिक एक बोलायचा. झोपू द्यायचा नाही.

लांडग्याची विष्ठा मी काडीनं मोडून बघायचो. सोबतचा वायरमन नाक धरून लांब उभा राहायचा. त्यात सशाचे केस, उंदराची हाडं, शेळी-मेंढीची लोकर, कधी हरणाचे केस. पिसं क्वचित. खोकडाच्या विष्ठेत बोराच्या आठोळ्या, किड्यांचे पंख, खेकड्याची कवची, अन् उंदीर, उंदीर, उंदीर. हिवाळ्यात तर ते बोरंच खाऊन राहतं की काय असं वाटतं. शिवाय लांडगी विते हिवाळ्यात. तिची पिल्लं हिंडती-फिरती होऊन जातात तेव्हा कुठं तित्तराची अंडी पडू लागतात.

मग गेले कुठं तित्तर? मला कोणी विचारत नाही, पण सांगतो.

आधी बांध गेले. पूर्वी बांध म्हणजे दोन-तीन हात रुंद, त्यावर बोराटी, तरवड, कुसळी गवत. आता ट्रॅक्टरनं कोरून कोरून त्याची रेघ झाली आहे, अन् त्या रेघेवरही तणनाशक. उरलंसुरलं उन्हाळ्यात पेटवून देतात, ऐन अंड्यांवर. मी पेटलेल्या बांधावरून चालत गेलो आहे. तित्तरीण शेवटपर्यंत उठत नाही, हे मी पाहिलं आहे, अन् पुढचं लिहवत नाही.

पीक बदललं. बाजरी, मटकी, हुलगा, कारळं, तूर असं मिसळ पेरलेलं वावर म्हणजे लाव्याचं गोकुळ. पावसाळ्यात इथलाच लावा त्यात वीण करायचा अन् थंडीत लांबून येणारा लावा रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्यात उतरायचा. आता इथून तिथून सोयाबीन. त्यावर फवारणी. तित्तराचं पिल्लू पहिले काही दिवस दाणा खात नाही, त्याला वाळवी लागते, किडे लागतात, मुंगीची अंडी लागतात. किडाच ठेवला नाही तर पिल्लू काय माती खाईल? मी सोयाबीन पेरणाऱ्याला दोष देत नाही. माझंही साडेतीन एकर सोयाबीनच आहे. पण दोष लांडग्याच्या नावावर लावायचा, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

माळाचं तर विचारूच नका. सातबाऱ्यावर माळ म्हणजे ‘पडीक’. पडीक म्हटलं की ज्याला त्याला तिथं काहीतरी करावंसं वाटतं. पवनचक्की, तिचा रस्ता, मुरमाची खाण. २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडं लावायची मोहीम निघाली तेव्हा आमच्या गावच्या माळावरही खड्डे पडले, हातहातभर मुरमात. झाडं लावणं वाईट कोण म्हणेल? पण जिथं वीतभर माती नाही अन् गवतच उगवायचं, तिथं झाडाचा हट्ट धरून गवत उकरलं. झाडं दोन उन्हाळ्यांत गेली, खड्डे राहिले. त्या माळावर पखुर्ड्या यायच्या. पखुर्डी म्हणजे कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा पक्षी. उघड्या भुईवर दोन-तीन अंडी घालतो, त्याला गवताचा आडोसाही नको. सकाळी ऊन चढल्यावर थव्यानं पाण्यावर उतरतात. नर पोट पाण्यात भिजवून घेतो, अन् पिसांत धरलेलं ते पाणी उडत जाऊन पिल्लांना पाजतो. हे मी पाझर तलावाच्या खांबावर बसून पाहिलं आहे, जंपर जोडायचा सोडून. वरिष्ठांची बोलणी खाल्ली. त्या तलावावर पखुर्डी उतरल्याला आता नऊ-दहा वर्षं झाली.

माळढोकाचं उदाहरण तर फार लांबचं नाही. सोलापूरच्या नान्नजला १९७९ ला त्याच्यासाठी अभयारण्य झालं. एका वेळी एकच अंडं घालणारा पक्षी, तोही भुईवर. लांडगा अन् माळढोक एकाच गवतात पिढ्यान्पिढ्या राहिले. देशात मिळून आता दीडशेच्या आत उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात. त्याला बंदुकीनं मारलं, गवत नांगरल्यानं मारलं, अन् आता उडता उडता आमच्या तारांवर आदळून मरतो. हो, आमच्या. मी तारा ओढणारा माणूस आहे, माझाही वाटा त्यात धरा. डीपीवर बसून मेलेले मोर मी किती उतरवले त्याची गणती ठेवली नाही. मोराचं शेपूट लांब, पंख रुंद, एका वेळी दोन तारांना लागतो अन् खेळ संपतो. गावात मात्र सांगतात, मोर बिबट्यानं नेले.

अन् कुत्री. ह्याच्यावर कोणी पत्र का लिहीत नाही? रस्त्यानं कोंबड्यांची शेडं झाली, मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून पुलाखाली टाकतात, त्यावर पंचवीस-तीस कुत्री पोसली जातात. दिवसा पुलाखाली, रात्री माळावर. ती भूक लागली म्हणून मारत नाहीत, सवयीनं मारतात. लांडग्याची जोडी तीन-चार कोसांत एक असते, तिला आपल्या पिल्लांपुरतं लागतं. कुत्र्याला हद्द नाही, हंगाम नाही, वर घरी आल्यावर भाकरीचा तुकडाही आहे. लांडोरीची पिल्लं, ससे, तित्तरं, सगळं त्यांनी धुऊन नेलं. गेल्या श्रावणात गावातल्या एका म्हातारीच्या दोन शेळ्या फाडल्या. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फिरलं, ‘लांडग्यांचा हल्ला’. मी जाऊन पाहिलं. मागच्या पायांना, कानांना, शेपटीला जागोजाग चावे, मांस फारसं खाल्लेलं नाही. लांडगा गळ्याला धरतो अन् उचलून नेतो किंवा खाऊन जातो. चिखलात पावलं तर इतकी अन् इतक्या मापांची, की लग्नाचं वऱ्हाड गेलं असावं. पण बातमी लांडग्याचीच छापून आली. आपल्या पेपरात नव्हे, पण आली. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लेकरांना सांगतो, अन् आपणच विसरतो.

राहिले जाळीवाले. आता घोड्याचा केस लागत नाही अन् पाळलेला तित्तरही लागत नाही. मोबाईलमध्ये लाव्याचा आवाज भरायचा, एक भोंगा जोडायचा, रात्री हरभऱ्याच्या कडेला लावून ठेवायचा, पहाटे जाळं ओढायचं. नायलॉनचं जाळं नर-मादी बघत नाही. मोटारसायकलवर पोत्यात शंभर-शंभर पक्षी जातात. धाब्यावर विचारलं तर म्हणतात, फार्मचे आहेत. जपानी लावा पाळतात हे खरं, पण फार्मचा लावा ताटात छर्रा घेऊन येत नाही. माझ्या दाताखाली आला होता. तेव्हापासून धाबा बंद. ही पोरं कोण, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यातला एक माझ्या भाच्याचा मित्र, मला ‘मामा’ म्हणतो. ह्यासाठीच पत्राखाली नाव देत नाही, माफ करा.

आता मी आरोपी कसा, ते सांगतो. फाशांचं सांगितलं, पण ती मोठी गोष्ट नाही. मोठी ही आहे.

१९९६ ला शिमग्याच्या आधी लांडग्यानं आमच्या थोरल्या भावाच्या चार शेळ्या एका रात्रीत मारल्या. एक नेली, तीन पडल्या. भावाची लेक त्या वर्षी लग्नाची होती अन् त्या शेळ्यांवर हिशेब धरलेला. मला शेळी गेल्याचं दुःख सांगू नका, मी ते उशाशी घेऊन झोपलो आहे. भाऊ रडत नव्हता, नुसता दावणीकडं बघत बसला होता. मीच म्हणालो, “अण्णा, बसा तुम्ही, मी बघतो.” दुकानातून कपाशीवरचं विषारी औषध आणलं, मेलेल्या शेळीच्या पोटात भरलं, अन् संध्याकाळी ओढ्याच्या वरच्या अंगाला ओढून टाकली. लांडगा मारलेल्या जनावरावर परत येतो हे मला माहीत होतं.

लांडगा आला नाही. त्याला बहुतेक माझ्या हातांचा वास लागला.

सकाळी गेलो तर शेळीभोवती सात कावळे, दोन घारी, आमच्याच आळीतला एक कुत्रा. अन् पन्नासेक पावलांवर, बिळाच्या तोंडाशी, खोकडाची मादी. आडवी पडलेली, तोंडाला फेस, आचळं दुधानं भरलेली. बिळात पिल्लं होती, आवाज येत होता. मी हात घालून पाहिला, बीळ आत वळलेलं होतं, पोचलो नाही. दुसऱ्या दिवशी खोरं घेऊन गेलो तेव्हा आवाज बंद झाला होता.

त्या रब्बीत ज्वारी काढून झाली होती म्हणून तेव्हा काही कळलं नाही. पुढच्या खरिपात भुईमुगाला उंदरांनी जे धरलं ते शेंगा काढेपर्यंत सोडलं नाही. ओढ्याच्या त्या अंगाची पाच-सहा वावरं, सगळ्यांचीच बोंब. भाऊ म्हणाला, “औंदा उंदीर कुठून आले एवढे?” मी काही बोललो नाही. भाऊ वारला, त्याला कधीच सांगितलं नाही. आज पेपरात सांगतो आहे.

लांडगा मारायची मोकळीक मागणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की विष ज्याच्यासाठी ठेवलं त्याच्याच तोंडात जातं असं नाही. विजेची तार तर त्याहून आंधळी. डुकरासाठी झटका मशीन लावतात ते ठीक, त्यात नुसता दणका बसतो. पण रात्री तारेवर आकडा टाकून वावराभोवती उघडी तार सोडणारे आहेत, मी असे आकडे हातानं काढले आहेत. त्या तारेला डुक्कर लागतं, लांडगा लागतो, अन् पहाटे पाणी धरायला निघालेला शेजारीही लागतो. डुकरावरून आठवलं. भुईवरची अंडी हुंगून हुंगून खाणारं जनावर पाहिजे असेल तर ते रानडुक्कर आहे. अन् त्याची पिल्लं उचलणारं कोण? लांडगा. म्हणजे पत्रलेखकाला तित्तर वाचवायचा असेल तर त्यानं कोणाची बाजू घ्यायला पाहिजे, ते त्यानंच ठरवावं.

कायदा काय म्हणतो हेही लोकांना ठाऊक नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, मारला तर किमान ३ वर्षं कैद. तित्तर-लावा धरणं, विकणं हाही गुन्हाच आहे. म्हणजे लांडग्याला मारा म्हणणारे अन् धाब्यावर लावे खाणारे एकाच कलमाच्या वहीत आहेत.

बिबट्याची गोष्ट वेगळी, ती ह्यात मिसळू नये. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, पुढं करमाळ्यात बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत आमच्याकडंही दिवस मावळला की दारं बंद होत, अन् रात्रीची लाईट असून कोणी पाण्याला जात नव्हतं. ती भीती खरी होती. उसात राहणारं ते जनावर, उसाबरोबरच आलं. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात तर २०२४ च्या अखेरीस वाघ कॅमेऱ्यात आला, पार यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला. त्याचा बंदोबस्त काय करायचा ते जाणत्यांनी ठरवावं. पण बिबट्याच्या भीतीचं बिल लांडग्या-खोकडाच्या नावानं फाडू नये. खोकड मांजरापेक्षा थोडंसं मोठं असतं हो! माणूस दिसला की त्याची शेपटीच दिसते.

मोकळीक मागण्यापेक्षा भरपाई नीट मागा ना. लांडग्यानं शेळी-मेंढी मारली तर शासन बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरवून दिलेली रक्कम, यातली कमी असेल ती देतं. पण ४८ तासांत कळवायचं, मेलेलं जनावर हलवायचं नाही, पंचनामा होईपर्यंत थांबायचं. २०१८ ला माझ्या स्वतःच्या दोन शेळ्या गेल्या तेव्हा जिथं कळवायचं तिथं त्याच दिवशी कळवलं. माणूस चौथ्या दिवशी आला. मे महिना. तोवर शेळीजवळ उभं राहवत नव्हतं, अन् आल्यावर तो म्हणाला, “आता हे कोणी मारलं ते कसं ओळखणार?” मी त्याला काय सांगणार? असं दोनदा झालं की माणूस कार्यालयाकडं जाण्याऐवजी कृषी दुकानाकडं जातो. लांडगा वाचवायचा असेल तर आधी तो पंचनामा दुसऱ्या दिवशी व्हायला पाहिजे. बाकी सगळं नंतर.

मेंढक्यांना विचारा. त्यांचं नुकसान आपल्यापेक्षा जास्त होतं, अन् ओरड सगळ्यात कमी. दिवाळीनंतर आमच्या वावरात दरवर्षी खतासाठी मेंढरं बसतात. रात्री वाघर लावतात, म्हणजे मेंढरांभोवती दोऱ्याची जाळी, कोकरं डालग्याखाली, अन् दोन कुत्री बाहेर. तरी कधी एखादं जातं. त्यांच्यातला म्हातारा चिलीम ओढत मला म्हणाला होता, “त्याचा वाटा त्यानं नेला. आपुन बी त्याच्या रानातच राहतो की.” मी म्हणालो, दर वर्षी नेला तर? “नेत नाय दर वर्षी. कुत्रं झोपलं तवाच नेतो.”

पत्रलेखकाला एक विनंती आहे. ते तालुक्याच्या गावी राहतात असं पत्त्यावरून दिसतं. त्यांनी एकदा आमच्याकडं यावं. संध्याकाळीच या, पिठलं-भाकरी खा, अंगणात झोपा. पहाटे पाचला मी उठवतो. १९८४ साली मी गावापासून पाझर तलावापर्यंतच्या चाळीस खांबांत बोलणारे तित्तर मोजायला लागलो, काही काम नसायचं म्हणून. तेव्हा अकरा जोड्या भरल्या. गेल्या मंगळवारी तीन भरल्या. त्या तिन्ही कुठं आहेत ते मी तुम्हाला दाखवतो. एक जोडी माझ्याच बांधावर आहे, मी तो जाळत नाही अन् त्यावर औषध मारत नाही, लोक हसतात. दुसरी गायरानाच्या कोपऱ्यात, जिथं खड्डे घ्यायचे राहून गेले. अन् तिसरी ओढ्याच्या वरच्या अंगाला, खोकडाचं जे बीळ ९६ ला ओस पडलं होतं, त्याच्यापासून फार तर वीस पावलांवर. त्या बिळात परवा पुन्हा ताजी माती उकरलेली दिसली. पाऊल बारकं आहे, कुत्र्याचं नाही.

बीळ अन् बोलणारा तित्तर, दोन्ही एका जागी उभं राहून दिसतील. फक्त येताना तुमचं कुत्रं सोबत आणू नका.

आपला,
एक निवृत्त लाईनमन
ता. पाटोदा, जि. बीड
(नाव छापू नये ही विनंती)